आल्टोच्या वाट्याला

हात्सवार्फ, ३ फेब्रुवारी

प्रिय च्यार्क,

तुझं पाकीट पोचलं. कागद थोडे ओले झाले होते, पण स्वर वाचता येतात. काल चर्चच्या तालमीत आम्ही तुझं स्तोत्र पहिल्यांदा गायलं. तुझं म्हणू की तुझ्या कॉम्प्युटरच्या प्रोग्रामचं? रेन्ट्स मास्तर भलतेच खूश. "हे आपल्या जुन्या ऑर्गनच्या काळातलं नाही, असं कोण म्हणेल!" असं सगळ्यांना सांगत सुटले होते. ऑर्गन दुरुस्त होऊन जूनमध्ये पेंटेकॉस्टच्या सणाला पुन्हा वाजेल तेव्हा हेच गायचं, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. सोप्रानोवाल्या, वरच्या पट्टीतल्या बायका तरंगतच घरी गेल्या. तुझा बाबा हिन्रिख खालच्या पट्टीत बास गाताना मान डोलावत होता, गाय सुखरूप व्याली की डोलावतो तशी.

आता आल्टोचं. आल्टोत, बायकांच्या खालच्या पट्टीत, आम्ही दोघीच उरलोय, मी आणि आल्मूट पॉपिंगा, ढोरांच्या डॉक्टरची बायको. पहिलं पानभर आम्ही एकच स्वर गातो. पान उलटलं की तोच स्वर. मग एक पायरी खाली, आणि घाबरल्यासारखं लगेच परत वर. आल्मूट माझ्या कानात म्हणाली, "गेशे, आपण गातोय की फ्रीज घुमतोय?" मला हसू आवरेना आणि रेन्ट्सनी छडी थांबवून माझ्याकडे बघितलं.

मी जन्मभर आल्टो गातेय. आल्टोच्या वाट्याला फार काही येत नाही, हे मला कोणी सांगायला नको. पण जुने लोक आल्टोला निदान कुठून तरी कुठेतरी न्यायचे. तू मला खुंटीला बांधलंयस. असं का, ते कळव.

फोन करू नकोस. हिन्रिख उचलतो, "ती गोठ्यात आहे" म्हणतो आणि ठेवून देतो, मी त्याच्या समोर उभी असले तरी.

तुझी
गेशे आत्या


लाइपत्सिग, १० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पकडलंस. सांगतो का ते.

माझा प्रोग्राम आधी सोप्रानो रचतो, कारण लोक सूर म्हणून तोच लक्षात ठेवतात. मग बास, कारण सगळं त्याच्यावर उभं असतं. मग टेनर, पुरुषांचा वरचा आवाज. शेवटी जी जागा उरते तिथे आल्टो. आता या तीनशे वर्षांपूर्वीच्या बरोक संगीताचा कडक नियम असा की दोन आवाजांनी पंचमाच्या किंवा सप्तकाच्या अंतरावर जोडीने पावलं टाकायची नाहीत. टाकली की दोघांचा मिळून एकच आवाज होतो, एक जण फुकट जातो. असं कुठे घडलं की प्रोग्राम ते दुरुस्त करतो, आणि दुरुस्तीचा सर्वांत सोपा उपाय कुठला? आल्टोला हलूच द्यायचं नाही. ती जागच्या जागी राहिली की भांडण मिटतं. नियमाने बघितलं तर संपूर्ण स्तोत्रात चूक एकही नाही. म्हणून माझ्याही लक्षात आलं नाही.

आत्या, या वेळी जरा सांभाळून घे ना. पेंटेकॉस्टला आमच्या संशोधन विभागाच्या प्रमुख डेगेनकोल्ब बाई हात्सवार्फला येणार आहेत. माझी नोकरी पुढे चालू ठेवायची की नाही, हे त्या ऐकून ठरवतील. मला जागेवर बसवत नाही. खोलीत इतक्या येरझाऱ्या घालतो की खालच्या मजल्यावरची बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकते. जे जमलंय ते आता मोडायला नको. आणि खरं सांगू? ऐकणाऱ्यांना आल्टो तसाही ऐकू येत नाही.

तुझा
च्यार्क


हात्सवार्फ, १९ फेब्रुवारी

च्यार्क,

ऐकू येत नाही, हे आम्ही करून बघितलं. कालच्या तालमीत दुसऱ्या कडव्याला मी आणि आल्मूटने तोंडं मिटून घेतली. कोणाला सांगितलं नाही. चार ओळींनंतर रेन्ट्स थांबले. "काय झालं?" म्हणाले. कोणालाच सांगता येईना. टेनरवाल्यांना वाटलं त्यांचंच चुकलं, त्यांनी माफी मागितली. तुझा बाबा म्हणाला, हीटर बंद पडला असेल.

तेव्हा ऐकू येत नाही असं नाही. कोणी ऐकत नाही, इतकंच.

मंगळवारी एमडेनला जाऊन आले, थोडं काम होतं. वारा सुटलाय तो थांबायचं नाव घेत नाही. समुद्राच्या बांधावरच्या मेंढ्यासुद्धा पाठ फिरवून उभ्या असतात. मला अलीकडे हे घर लहान वाटतं. खोल्या आहेत तेवढ्याच आहेत.

हिन्रिखला यातलं काही लिहू नकोस. जे पुढ्यात येईल त्यात मी खूश असते, असं त्याला वाटतं.

गेशे आत्या


लाइपत्सिग, ७ मार्च

प्रिय आत्या,

मोडला! सगळा प्रोग्राम मोडून परत बांधला. दोन आठवडे नीट जेवलोसुद्धा नाही. आता कोणी पहिला नाही आणि कोणी उरलंसुरलं गोळा करत नाही. प्रत्येक आवाज स्वतंत्र रचला जातो. एकट्याने गायला तरी गाणं वाटलं पाहिजे, ही अट. मग चारही एकत्र आणायचे, आणि प्रोग्रामने फक्त टकरी टाळायच्या. नवे कागद सोबत आहेत. आल्टोचं तिसरं पान बघ, तुला आवडेल.

डेगेनकोल्ब बाईंना अजून सांगितलेलं नाही. जुन्या रचनेवर त्या खूश होत्या. त्या कॉरिडॉरमध्ये भेटल्या की मी जिन्याने पळतो.

एमडेनला कसलं काम होतं? तुला काही होतंय का? डॉक्टरकडे गेली होतीस? खरं सांग. मी बाबाला फोन करून विचारलं, तर म्हणाला, "तिला काय धाड भरलीय? व्यवस्थित जेवते."

तुझा
च्यार्क


हात्सवार्फ, १६ मार्च

प्रिय च्यार्क,

काय सांगू! हिन्रिखच्या वाढदिवसाला सगळे एकदम बोलतात आणि केक कापला गेल्याचंही कोणाला कळत नाही, तशी तालीम झाली. बास इकडून तिकडे उड्या मारतो. तुझ्या बाबाने कागद खुर्चीवर आपटला. "हे गाणं आहे की कुंपणावरून पळणं?" टेनरमधले दोघं एकमेकांना हरवून बसले. सोप्रानोवाल्या रुसल्या, कारण त्यांच्याकडे कोणी बघेना. रेन्ट्स शेवटी बाकावर बसले आणि म्हणाले, "चहा घेऊ या."

आल्टो मात्र सुंदर आहे. दूध काढताना मी तो गाते, गाई कान हलवतात. पण चर्चमध्ये मला दुसऱ्या कोणाचं ऐकू येईना, आणि माझं कोणाला. तू म्हणशील, या बाईला काही पसंतच पडत नाही. तसं समज हवं तर. खुंटीला बांधलेलंही नको आणि बाजारात सोडून दिलेलंही नको.

मला काही झालेलं नाही. एमडेनला कागदपत्रांचं काम होतं.

मी या घरी आले तेव्हाचं तुला काही आठवतं? तुझी आई जाऊन महिनाही झाला नव्हता. तू टेबलाखाली लपला होतास, मी वाकून बघितलं तर डोळे मिटून घेतलेस. मी एमडेनच्या बंदर कचेरीतून रजा काढून एक बॅग घेऊन आले होते. हिन्रिख म्हणाला होता, काही आठवडे, घडी बसेपर्यंत. ती बॅग माळ्यावर असते. परवा खाली काढली आणि पुसली. कातडं अजून चांगलं आहे.

तुझी
गेशे आत्या


हात्सवार्फ, १ एप्रिल

च्यार्क,

मला पत्र लिहायची सवय नाही. पण फोनवर हे बोलता येईना.

तुझी आत्या गेली. म्हणजे जिवंत आहे. सोमवारी सकाळी गोठ्यातून आत आलो तर ही कोट घालून उभी. म्हणाली, यूस्टला चाललेय. ते समोरचं बेट. तिथे तिची जुनी मैत्रीण फेन्ना गेस्ट हाउस चालवते, आता दोघी मिळून चालवणार. मी विचारलं, परत कधी? तर म्हणाली, "हिन्रिख, मी राहायला चाललेय." मी म्हटलं, "आणि जेवण?"

ते बोलायला नको होतं. बस वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आधी कधीतरी बोलली होती ती तसं. मला वाटलं, बायका बोलतात.

आल्टोत आता आल्मूट एकटी. रेन्ट्स रडायच्या बेतात. तू तिला लिही. तुझं ती ऐकते. हे आल्टोचं खूळ तिच्या डोक्यात तूच भरलंस, तेव्हा तूच काढ.

चहाची गाळणी कुठे असते?

बाबा


लाइपत्सिग, ३ एप्रिल

प्रिय आत्या,

बाबाचं पत्र आलं. मी ते उभ्याउभ्याच वाचलं. मला का नाही सांगितलंस? इतकी पत्रं लिहिलीस, एका ओळीत सांगता आलं असतं. मी तुझा कोणी नाही का?

तुझ्या जाण्याला माझा विरोध नाही, असं नीट लिहायचं ठरवून बसलो होतो. पण आत्या, या वेळी? पेंटेकॉस्टला दोनच महिने उरलेत. डेगेनकोल्ब बाईंचं येणं नक्की झालंय. आल्मूट एकटीने गाऊ शकत नाही, हे तुलाही माहीत आहे. ती तुझ्या आवाजाला धरून चालते. तू नसशील तर मधला आवाजच नाही, आणि मधला आवाज नाही तर मी इतके महिने काय केलं, ते दाखवायला माझ्याकडे काही नाही. बाबाला गाळणी सापडत नाही.

परत ये. कायमची नाही म्हणत. फक्त काही आठवडे, पेंटेकॉस्ट होईपर्यंत.

तुझा
च्यार्क


यूस्ट, ८ एप्रिल

च्यार्क,

काही आठवडे. हे लिहिताना तुझा हात थांबला नाही?

मागच्या वेळच्या काही आठवड्यांत तू शाळेत गेलास, तुला गोवर आला, तुझा आवाज फुटला, तुला दाढी आली, तू लाइपत्सिगला गेलास. त्यातला एकही दिवस मी परत मागत नाही. तुझ्यासाठी राहिले ते मनापासून राहिले. पण तू गेल्यावरही मी तिथेच होते, आणि ते कशासाठी, हे कोणी विचारलं नाही. तूही नाही.

सांगितलं नाही म्हणतोस? घर लहान वाटतं म्हणून लिहिलं. एमडेनला कागदपत्रं करायला गेले ते लिहिलं. बॅग काढून पुसली तेही लिहिलं. तू मला डॉक्टरकडे गेलीस का विचारलंस. हिन्रिखला तर जेवणाच्या टेबलावर समोर बसून सांगितलं होतं. तो म्हणाला, बटाटे वाढ.

आल्मूट गाऊ शकते. माझ्या आडोशाला उभं राहायची सवय तिला मीच लावली, कारण मलाही सोबत हवी होती. पेंटेकॉस्टला मी येणार नाही. त्या दिवसांत इथे एकही खोली रिकामी नसते.

गाळणी खिडकीशेजारच्या खिळ्याला आहे. आयुष्यभर तिथेच आहे.

मी रागावलेय. पण ते स्तोत्र अर्धवट टाकू नकोस.

गेशे


हात्सवार्फ, २९ एप्रिल

प्रिय आत्या,

तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. त्यांत मी माझी बाजू मांडत होतो. चौथ्यात मांडत नाही. मी स्वतःपुरतं बघितलं. चुकलो.

दोन आठवड्यांपासून इथे आहे. बाबा आणि मी मिळून स्वयंपाक करतो, म्हणजे एकमेकांना दोष देतो. तो दिवसातून दोनदा बांधावर जातो. "मेंढ्या बघून येतो," म्हणतो. मेंढ्या आपल्या नाहीतच. तिथून यूस्ट दिसतं, हवा स्वच्छ असली तर.

रोज तालमीला मागच्या बाकावर बसतो. इतके दिवस मी पडद्यावर स्वरांचे ठिपके बघत होतो. इथे माणसं दिसतात. आल्मूट श्वास कधी घेते, टेनरमधला थोरला ऐयल्ट सोप्रानोचा सूर कानात भरून मगच तोंड कसं उघडतो, हे मला ठाऊकच नव्हतं. प्रोग्रामला मी आधी फक्त काय करायचं नाही ते शिकवलं होतं. मग प्रत्येकाला बोलायला शिकवलं. ऐकायला शिकवायचं राहून गेलं. आता ते केलंय. एक आवाज मुख्य सूर घेऊन निघाला की बाकीच्यांनी वाट द्यायची. कोणी लांब स्वर धरेल, कोणी चक्क गप्प बसेल. एक चढत असेल तर दुसऱ्याने उतरायचं. दोघांनी एकाच क्षणी पाऊल टाकायचं नाही. आणि गप्प बसायची पाळी सगळ्यांची, नेहमी एकीचीच नाही. मोडतोड अजून चालू आहे. दर तालमीनंतर काहीतरी बदलतो, रेन्ट्स वैतागलेत.

आता विचारायचं ते. सुरुवात आल्टो करतो. एकटा. चार ओळी बाकी कोणी नाही. मी ते आल्मूटला दाखवलं तर ती पांढरीफटक पडली. "मी? सगळ्यांच्या आधी?" म्हणाली. मग म्हणाली, "गेशेला विचारलंस का?"

म्हणून विचारतो. तू नको म्हणालीस तर ते टेनरला देईन.

तुझा
च्यार्क


यूस्ट, ५ मे

प्रिय च्यार्क,

मला विचारू नकोस. आल्मूटला दे. तिला सांग, पहिल्या स्वराच्या आधी श्वास घ्यायला घाई करायची नाही. लोक थांबतात.

इथे सगळं गोड आहे, असं समजू नकोस. पहिले कित्येक दिवस मी दूध काढायच्या वेळेला उठून बसत होते आणि हातांना काय द्यावं कळत नव्हतं. फेन्ना फार बोलते. चहात साय आधी की खडीसाखरेचा खडा आधी, यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं, दोन दिवस अबोला होता. गाड्या नाहीत, घोड्यांचे टांगे तेवढे. वारा तिथल्यासारखाच, फक्त अडवायला काही नाही. कधी कधी वाटतं, या वयात हे काय आरंभलं. मग फळ्यावर कुठली खोली कोणाला ते लिहिते. माझ्या अक्षरात असतं ते. बघून जरा बरं वाटतं, आणि परत अस्वस्थ होते.

हिन्रिखला थंडी वाजते तेव्हा तो सांगत नाही. त्याला आतला सदरा घालायला सांग.

तुझी
गेशे आत्या


लाइपत्सिग, १२ जून

प्रिय आत्या,

झालं.

चर्च भरलं होतं, मागे लोक उभे होते. ऑर्गन वाजला, भाषणं झाली, पुन्हा ऑर्गन. मग रेन्ट्सनी आल्मूटकडे बघितलं. तिने श्वास घेतला आणि थांबली. इतका वेळ की मागचे लोक चुळबुळ करायला लागले. कोणीतरी खोकलं. मग ती गायली. पहिले दोन स्वर कापरे होते. तिसऱ्यापासून नव्हते. टेनर आत आला तेव्हा ती त्याच्या आडोशाला गेली नाही, बाजूने चालत राहिली. मग सोप्रानो, मग बास. बास एका जागी चुकला, तो बाबा होता. तो स्वतःचं गायचं सोडून आल्मूटच्या पाठीकडे बघत राहिला होता. मग सावरला.

शेवटी टाळ्या पडायला वेळ लागला. आल्मूट खाली बसली आणि रडली, तिचा नवरा पहिल्या रांगेत फुलांचा गुच्छ मांडीखाली दाबून बसला होता, ते त्याच्या लक्षातच नव्हतं.

डेगेनकोल्ब बाई बाहेर आल्यावर म्हणाल्या, "कोणत्या आवाजाच्या मागे जावं तेच कळत नव्हतं मला. फार दिवसांनी असं झालं." मी हवेत होतो. परवा पत्र आलं. रचनेचं कौतुक आहे, पण शरद ऋतूनंतर माझी जागा राहणार नाही, विभाग वेगळ्या कामाकडे वळतोय. वाचलं तेव्हा अपेक्षेइतकं वाईट वाटलं नाही. आज वाटतंय. पुढे काय, माहीत नाही. रेन्ट्स म्हणतात, नाताळसाठी काहीतरी कर. पोट त्यावर भरत नाही, पण सुरुवात करून ठेवलीय.

तू असायला हवी होतीस, असं लिहिणार नव्हतो. लिहिलं.

तुझा
च्यार्क


यूस्ट, २५ जून

प्रिय च्यार्क,

हिन्रिख येऊन गेला.

न कळवता. मी पाहुण्यांचं सामान घ्यायला धक्क्यावर गेले तर बोटीतून हा उतरतोय, चर्चचा काळा कोट घालून, हातात अंड्यांची टोपली. गाई शेजारच्या डिर्क्सवर सोपवल्या होत्या. त्याने हे कधी केलं होतं, आठव. म्हणाला, "इथे कोंबड्या नसतील म्हटलं." इथे कोंबड्या आहेत. मी टोपली घेतली.

जेवताना तो ताटातून मान वर करेना. फेन्ना एकटीच बोलत होती, शेवटी तीही थकली. मला म्हणाली, "तुझा भाऊ मुका आहे का गं?" बोट भरतीवर सुटते, त्यामुळे त्याला रात्री राहावंच लागलं. मागची छोटी खोली दिली.

सकाळी आम्ही दोघं किनाऱ्याने निघालो. तो गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, मी अनवाणी. बऱ्याच अंतरावर गेल्यावर म्हणाला, "मी आल्मूटच्या मागे उभा होतो त्या दिवशी." मला वाटलं, झालं याचं बोलून.

मग तो गुणगुणायला लागला. मला वाटलं, बास गातोय. बास नव्हता, च्यार्क. आल्टो होता. तू पाठवलेल्या कागदावरून मी तो इथे इतक्यांदा वाचलाय की दुसऱ्या स्वरालाच ओळखला. त्याच्या जाड आवाजात, सप्तकभर खाली. एकदा वाट चुकला, उभा राहिला, मागे गेला आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून नीट घेतली. मधल्या गप्प बसायच्या जागांनाही गप्प बसला, पुरत्या मोजून. शेवटच्या स्वरापर्यंत गायला. मी शेजारून चालत राहिले, त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तो थांबला असता.

"हे तू इतकी वर्षं गात होतीस?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "हे नाही. हे नवीन आहे. पण असंच काहीतरी."

त्याने मान हलवली. वारा होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, दोघांच्याही.

दुपारी बोटीच्या फळीवर पाय ठेवला आणि परत वळला. मागे लोक खोळंबले होते. मला वाटलं, आता विचारतो, घरी कधी येतेस. उत्तरही तयार ठेवलं होतं.

तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात ती छोटी खोली रिकामी असेल का?"

मी म्हटलं, फेन्नाला विचारून कळवते.

तुझी
गेशे आत्या